डेनेशच्या ओळी

हंगेरीतल्या ग्यॉर शहराच्या नाटकगृहात मी एकोणीस वर्षं प्रॉम्प्टर होतो. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक पेटी असते. तीत बसून नटाला विसरलेला शब्द पुटपुटून द्यायचा, एवढंच काम. बायको गेल्यावर तर मी दिवसभरात जे काही बोलायचो, ते दुसऱ्यांचेच शब्द.

छत्तीस सालच्या फेब्रुवारीत मालकांच्या मनात आलं, 'वेसप्रेमची वधू' पुन्हा उभी करावी. १९०९ साली या संगीतिकेने बुडापेस्टला वेड लावलं होतं. मग कॉशॉ, आराद, तेमेश्वार, सगळीकडे ती फिरली. चौदा सालच्या जुलैत शेवटचा प्रयोग झाला, नायकाचं काम करणारा डेनेश महायुद्धात आघाडीवर गेला आणि गालिसियात मेला. नंतर कुणी तिला हात लावला नाही. संहितेची एकच प्रत उरली होती, तेव्हाच्या नायिकेकडे. एतेल्का वाराडी. पापा नावाच्या गावाबाहेर एकट्याच राहायच्या. प्रत आणायला मला पाठवलं.

दुपारी तीनला पोचलो. बाहेर धुकं. आत कोळशाच्या धुराचा आणि कपाटावर मांडलेल्या बिहीच्या फळांचा वास.

"इतके बारीक कसे हो, प्रॉम्प्टरसाहेब?" बाई हसल्या. "पेटीत मावावं म्हणून?"

कॉफी झाली. मग म्हणाल्या, "प्रत देते. पण आधी दुसऱ्या अंकातलं द्वंद्वगीत करू. तुम्ही डेनेशच्या ओळी द्या. फक्त सुरुवातीचे शब्द… नेहमी देता तसे."

त्यांचं मन मोडवेना. प्रत माझ्यापुढे उघडून, पियानोवर सूर धरून त्या गायल्या, थांबल्या. मी दोन शब्द पुटपुटलो.

शेजारच्या बंद खोलीतून पुरुषाच्या आवाजात पुढची ओळ आली.

ग्रामोफोन असेल, असं मी मनाला समजावलं. पण पान उलटताना एक ओळ सुटली आणि मी भलतेच शब्द दिले. आवाज अडला. दाराआड कुणी श्वास रोखून वाट पाहत असावं, अशी शांतता… मी बरोबर शब्द दिले, तेव्हाच तो पुढे गाऊ लागला.

"बावीस वर्षं पहिल्याच ओळीवर अडतो," बाई हळूच म्हणाल्या. "मी सांगून पाहते… माझं त्याला ऐकूच जात नाही."

गाणं संपलं. दाराआडून दबका प्रश्न आला, "आणि यानंतर?"

बाईंनी माझा हात घट्ट धरला. "सांगा ना काहीतरी… आत ये म्हणावं."

भीतीने माझ्या तोंडून पानावरचाच शेवटचा शब्द निघाला. "पडदा."

पावलं वाजली. दूर गेली. बाईंनी पियानोचं झाकण लावलं.

"घालवलंत हो त्याला," एवढंच म्हणाल्या आणि प्रत माझ्या हातात ठेवली.

ईस्टरच्या आठवड्यात त्या गेल्या. दफनाला मला धरून चौघे होतो.

ऑक्टोबरात पहिला प्रयोग लागला. नाटकगृह गच्च भरलेलं. त्याच द्वंद्वगीताच्या शेवटी आमचा नवा नायक अडखळला. मी तोंड उघडलं. त्याआधीच, त्या एका माणसापुरत्या पेटीत, माझ्या कानाशी एतेल्काबाईंचा आवाज पुटपुटला. नायकाने शब्द उचलले आणि गायला.

टाळ्या थांबेनात. मी दिव्याजवळ पान धरून तीनतीनदा वाचलं. 'आत ये' म्हणणारी ती ओळ प्रतीत कुठेच नव्हती.