चौथा खडा

तुमी तिघंच चाललाय व्हय रे, ओंकार? मगापासून ऐकतोय मी. दिवेआगर. तंबूत ऱ्हायचं, त्या केळ्यासारख्या होडीवर बसायचं, पॅराशूटला लटकून समुद्रावर उडायचं. चांगलं हाय. मे तापायच्या आत जाऊन या.

फकस्त एक इचारतो. तिघं म्हनल्यावर खडा घेनार का? हसू नका. तिघांनी मिळून निघू न्हाई म्हनत्यात आपल्याकडं. निघायचंच आसंल तर वाटंवरचा एक खडा उचलायचा, चौथा मानूस म्हनून संगं न्यायचा, आन् परत आलं की हुता तिथं ठिवायचा. घ्या, खडा जरूर घ्या. पन कुठनं उचलताय ते बघून घ्या. आमच्या मच्छिंद्रानं न्हाई बघितलं.

तुमी राहात्याची पोरं, तुमाला त्यो म्हाईत नसनार. बेलापुरात माझ्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. माझा चुलत पुतन्या. त्याची आई मनकर्णा, माझी भावजय. बाईचा आख्खा जनम उसाला पानी देन्यात आन् कांदे काढन्यात गेला. समुद्र बघायचा, येवढं एकच खूळ हुतं तिला. कोकनातनं कोनीबी आलं की इचारायची, पलीकडचा काठ दिसतो का? नदीकाठची बाई ती. न्हाई दिसत म्हनलं की बघतच ऱ्हायची. मंग ते पानी कशाला धरून थांबतं, म्हनायची.

मच्छिंद्र दोन वर्सं लागोपाठ कोकनात गेला. बायको रेश्मा आन् पोरगी स्नेहल, तिघंच. आईला सांगितलं, पुन्याला काम हाय. आरं, गाडी सात सीटांची! पन म्हातारीला घाटात उलट्या हुत्यात, घडीघडीला उतरवावं लागतं, वाळूत चालता येत न्हाई, आमी पान्यात गेलो तर तिच्यापाशी बसनार कोन... ही त्याची कारनं. मलाच सांगायचा, तोंड वर करून.

परत आले की कपडे धुवायची मनकर्णाच. एकदा धोंड्यावर स्नेहलची सलवार आपटली तर नेफ्यातनं वाळू निघाली. बारीक, शिंपल्याचे तुकडे आसलेली. मी तिथंच बसल्यालो. मला म्हनली, "भागवत, पुन्याला वाळू कुठनं आली रं?" राग न्हाई, रडनं न्हाई. हसली. त्या टायमाला मच्छिंद्राच्या कानाखाली एक ठिवून द्यावी असं लई वाटलं मला. दिली न्हाई. ते आजबी सलतंय.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत तिनं तोंड उघडून मागितलं. मे म्हयन्यात नेतो, म्हनला. बाईनं श्रीरामपुरातनं रबरी चपला आनल्या, निळ्या पट्ट्याच्या. वाळूत चालाया. घालूनबी बघितल्या न्हाईत. खोक्यात घालून कपाटावर ठिवल्या. आन् माघात गेली, दोन दिसाच्या तापात. शेवटी शुद्धीवर आली तवा मला इचारलं, मे म्हयन्याला किती दिस ऱ्हायले.

दहाव्याला प्रवरेत पानी नव्हतं. धरनातनं सोडलं तर आमच्या नदीला पानी, न्हाईतर वाळू. दहा दिस जीवखडा पुजत्यात, म्हाईत हाय ना? गेलेल्या मानसाचा जीव त्यात आसतो म्हनत्यात. दहाव्याला त्यो वाहत्या पान्यात सोडायचा आसतो. तिचा खडा काळा हुता, मधोमध पांढरी रेघ. म्या माझ्या डोळ्यानं बघितलाय. गुरुजी म्हनले, पुनतांब्याला जा, गोदावरीत पानी हाय, तासाभराचं काम. मच्छिंद्र म्हनला, इथंच ठिवू, पानी सुटलं की आपसूक जाईल. पुलाखाली वाळूत खडा ठिवला, वर तांब्याभर पानी वतलं आन् झाला मोकळा.

मे म्हयन्यासाठी समुद्राकाठी आगाऊ ठरवल्याली खोली काय त्यानं सोडली न्हाई. आखितीला आईच्या नावानं पान्याचा मातीचा करा भरला, आन् तिसऱ्या रातीला निघाले. गेल्या वर्सी. दोन मे, सुक्करवार, रातचं सव्वादोन वाजल्यालं. ऊन चढायच्या आत पुनं वलांडायचं हुतं. घराची किल्ली माझ्याकडं दिली. पुढचं समदं त्यानंच मला सांगितलंय, ह्या अशाच अंधारात बसून.

पुलावर आले तवा रेश्माच्या ध्यानात आलं, आपन तिघं. मच्छिंद्रानं गाडी थांबवली, मोबाईलची बॅटरी लावून पुलाखाली उतरला आन् हाताला पहिला आला त्यो खडा उचलला. मला म्हनला, नाना, गार हुता, वला हुता. मला वाटलं दव पडलं आसंल. मे म्हयन्यात दव!

खडा स्नेहलच्या शेजारी ठिवला, खिडकीपाशी. पोरगी झोपली. हे दोघं पुढं. रेश्मा मोबाईलवर उद्याचं ठरवत हुती. सकाळी होडी, चार वाजता पॅराशूट, संध्याकाळी घोडागाडी.

राहुरी मागं पडली आन् गाडी वाजाया लागली. टिंग... टिंग... मागं बसल्यालं मानूस पट्टा लावंना की ती गाडी वाजती. स्नेहलचा पट्टा लावल्याला हुता. वाजत हुती ती खिडकीची सीट. तिच्यावर खडा. मूठभर.

बिघडली आसंल, मच्छिंद्र म्हनला. वाजायचं थांबंना. शेवटी रेश्मानं मागं वाकून त्या खड्यावरनं पट्टा वढला आन् लावला.

थांबलं.

मच्छिंद्रानं आरशात बघितलं. पट्टा सीटवर पडल्याला नव्हता. तानल्याला हुता... मानसाच्या छातीवर ऱ्हातो तसा.

  दोघांनी बघितलं हुतं.

विळदचा घाट लागला. तीन वाजून गेल्यालं. चांद कवाच बुडाल्याला. रस्त्याला दुसरी गाडी न्हाई. मागनं वारं आलं. खिडकीची काच खाली गेल्ती. घाटात मळमळाया लागलं की मनकर्णा अशीच काच खाली करायची.

स्नेहल झोपंतच म्हनली, "आजी... सरक ना."



आन् मंग मागनं... लई हळू...

"मच्छिंदर... पलीकडचा काठ दिसतो का रं?"

गाडी थांबली. आतला दिवा लागला. सीटवर खडा. वला. मधोमध पांढरी रेघ.

वळखला त्यानं.

आता मला सांगा पोरांनो, त्या घडीला त्यानं काय करायचं हुतं? फकस्त "आई" म्हनायचं हुतं. गाडीत जागा हुती. समुद्र सात तासांवर हुता. गाडी तर चालल्यालीच हुती तिकडं! त्यानं दार उघडलं, खडा उचलला आन् अंधारात भिरकावला. रेश्मा म्हनली, "काय केलंत हे?" त्यानं गाडी गिअरात घातली.

पोचले सकाळी. होडी हुती, पॅराशूट हुतं. स्नेहल पान्यात पाय घालंना. मच्छिंद्र पान्याच्या कडंला उभा ऱ्हायला दिसभर. पलीकडचा काठ शोधत हुतो नाना, म्हनला. दुसऱ्या दिशी उजाडताच माघारी फिरले. विळदच्या घाटात गाडी लावली आन् तिघं दिस बुडस्तवर खडा हुडकत हुते. मिळतोय व्हय? घाटात समदे खडेच खडे. पांढऱ्या रेघेचे तर इतके, की त्यातली आई कोंची म्हनायची?

तीन मे, शनवार. रातचे नऊ वाजल्याले. तिघं दारात आले, तोंडं काळवंडल्याली. दोन दिस किल्ली माझ्याच खिशात हुती, कुलूप म्याच काढलं. दिवा लावला. उंबऱ्याच्या आत चपलांचा जोड हुता. निळ्या पट्ट्याचा. कपाटावर खोकं तसंच हुतं, सुतळी बांधल्यालं. मच्छिंद्रानं सोडून बघितलं. रिकामं.

मी खाली बसलो आन् एक चप्पल उलटी केली. टाच झिजून आरपार भोक पडल्यालं. आत वली वाळू... बारीक, शिंपल्याचे तुकडे आसलेली. बोट लावून जिभंवर ठिवलं. खारट. आन् पट्ट्याला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच चिकटल्याली हुती.