खारवंडच्या देवळातला दिवा

खाडीवरचे धुके अजून उठले नव्हते. भरतीचे पाणी खारवंडच्या कोटाच्या पायथ्याशी येऊन थबकले होते आणि समुद्राकडच्या बुरुजावर फिरंग्यांचे निशाण ओल्या फडक्यासारखे लोंबत होते. मराठ्यांच्या मोर्च्यांनी तिन्ही बाजूंनी आवळलेल्या आणि दोन महिने अर्ध्या पोटावर दिवस काढणाऱ्या त्या कोटात सर्वांच्या आधी जागा होणारा माणूस ना शिपाई होता, ना सरदार. तो होता बस्त्याव दाबरे, कोटातल्या देवळाचा राखणदार, साठी उलटलेला, बायको गेलेला, पोर ना बाळ.

वेदीवरच्या लहानशा सोनेरी पेटीत मिस्सेत, म्हणजे पाद्र्याने चालवलेल्या पूजेत, पवित्र झालेल्या भाकरीच्या सात चकत्या होत्या. ज्याला ती नुसती भाकरी वाटते त्याने खुशाल तसे समजावे. पण बस्त्याव आणि त्याचे ख्रिस्ती जातभाई त्या पेटीत साक्षात प्रभू राहतो असे मानत. पेटीशेजारी टांगलेला तांबडा दिवा त्याची खूण होती. दिवा जळतो आहे तोवर धनी घरात आहे. समोरून जाताना गुडघा टेकायचा. हे खारवंडच्या पोराटोरांना चालायला येण्याआधी येत असे.

वेढ्याच्या विसाव्या दिवशी पाद्री दुआर्त तापाने गेले. तेव्हापासून मिस्सा नाही, घंटा नाही. शिधा वाटताना बस्त्यावच्या वाट्याला जे पळीभर खोबरेल येई ते तो दिव्यात ओती आणि स्वतः कोरडा भात गिळी. रोज पहाटे वात सारून तो हलकेच विचारी, "आहेस ना?" ज्योत हले. एवढ्या मोठ्या कोटात त्याच्याशी बोलणारे दुसरे कोणी उरले नव्हते, म्हणून त्याला ते पुरे.

कोटाचा कप्तान दोम फेलिसियानु मोठ्या घराण्यातला होता. पण घराणे मोठे म्हणून माणूस मोठा होतोच असे नाही. तटाखाली जागा नाही म्हणून त्याने दारूची पिंपे वेदीच्या पायरीशी रचली होती, त्याचे शिकारी कुत्रे बाकांखाली झोपत, आणि एका दुपारी तर मिस्सेच्या चांदीच्या पेल्यातून त्याने आपल्या गोऱ्या शिपायांबरोबर फेणी घेतली होती. बस्त्यावने तो पेला सात वेळा धुतला. त्या दिवशी तो जेवला नाही.

त्याच कप्तानाने एका सायंकाळी त्याला बोलावून घेतले.

"बस्त्याव, उद्या दुपारी मराठ्यांचा सरदार हैबतराव जगदाळे दहा माणसांनिशी तहाची बोलणी करायला आत येतो आहे. त्याचा वकील म्हणाला, आम्ही बेलभंडार उचलतो, तुम्ही तुमच्या देवाच्या पेटीवर हात ठेवून शपथ घ्या. पेटी चांगली उजळून ठेव."

"जशी आज्ञा, कप्तानसाहेब."

"आणि वेदीमागचा पडदा सोडून ठेव. त्याच्या आड माझे आठ बंदूकवाले उभे राहतील. सरदार एकदा हाती लागला की वेढा उठलाच म्हणून समज."

बस्त्याव म्हणाला, "साहेब, आपण लढा, मारा, ते आपले काम आहे. पण त्या पेटीवर हात ठेवून खोटे बोलू नका. आत तो आहे."

कप्तान हसला. "म्हणूनच तर सरदार विश्वास ठेवणार. जा आता. तोंडातून शब्द फुटला तर दारूच्या पिंपावर बसवून बत्ती देईन."

बस्त्याव देवळात आला आणि भिंतीला टेकून बसला. कोटाचे दरवाजे बंद होते, आणि ज्यांचे अन्न खाल्ले त्यांचा भेद शत्रूला सांगणे त्याच्या रक्तात नव्हते. पण उद्या त्याच्या धन्याच्या अंगावर हात ठेवून दगा होणार होता आणि त्यासाठी पेटी उजळायची होती त्यानेच. पाद्री असता तर त्याने प्रसाद तिथून हलवला असता. पाद्र्यावाचून त्याला हात लावण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. आणि पेटी रिकामी झाली तर तो कोणाशी बोलणार, हेही त्याच्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

पहाट झाली. त्याने कोपरापर्यंत हात धुतले. प्रसाद उपाशीपोटी घ्यायचा असतो; उपास तर सक्तीचाच घडत होता. पेटी उघडून तो गुडघ्यांवर बसला, वाकला, आणि हात न लावता एकेक चकती जिभेने उचलून गिळली. सातही झाल्या. पण पेटीतल्या पात्राच्या तळाशी एक कण उरला, तिळाएवढा. तो जिभेला येईना. बस्त्याव बराच वेळ त्या कणाकडे पाहत राहिला. अखेर उजव्या हाताची तर्जनी ओली करून त्याने तो कण टिपला आणि तोंडात घातला. मग वेदीच्या जुन्या वस्त्राची पट्टी फाडून ते बोट बांधले, म्हणजे ते दुसऱ्या कशाला लागू नये.

पेटी लावून तो दिव्यापाशी गेला. सवयीने ओठांवर आले, "आहेस..." पुढचा शब्द त्याने गिळला आणि फुंकर घातली. देऊळ नुसत्या चार भिंतींचे झाले. त्या म्हाताऱ्याला त्या वेळी रडू आले, आणि ते त्याने येऊ दिले.

दुपारी हैबतराव आला. भरदार, सावळा, कमरेला तलवार, पण हात जोडलेले. जोडे त्याने कोणी न सांगता उंबऱ्याबाहेर काढले. त्याच्यामागून कोटातले तीस स्थानिक शिपाई आत आले, पुढे त्यांचा नाईक कायतान. सवयीप्रमाणे कायतानने गुडघा वाकवायला घेतला, नजर वर केली आणि तसाच ताठ उभा राहिला. त्याच्यामागचा शिपाई थांबला. मग तिसरा. तीसच्या तीस माणसे उभीच राहिली.

दोम फेलिसियानु मात्र भरजरी अंगरख्यानिशी पुढे झाला, विझलेल्या दिव्याखाली दोन्ही गुडघ्यांवर बसला, आणि पेटीवर हात ठेवून खणखणीत आवाजात म्हणाला, "या पेटीत वसणाऱ्या प्रभूच्या साक्षीने, सरदार हैबतराव आणि त्यांची माणसे यांच्या केसालाही धक्का लागणार नाही."

हैबतरावाची नजर कप्तानावर नव्हती. ती शिपायांवर होती. "नाईक," तो शांतपणे म्हणाला, "तुमचे धनी देवापुढे बसले आणि तुम्ही उभे. ही कोणती रीत?"

कायतानने बस्त्यावकडे पाहिले.

बस्त्याव पुढे आला. "सरदारसाहेब, देव आत नाही. पहाटे मी त्याला हलवला. दिवा विझला म्हणजे घर रिकामे, हे आमचे शेंबडे पोरही जाणते. कप्तानसाहेब तीन वर्षे या देवळात येतात. त्यांना आज ते दिसले नाही."

पडद्यामागे कोणाच्या तरी पायाखाली फळी करकरली. हैबतरावाचा हात तलवारीवर गेला.

"झाडा!" कप्तान ओरडला.

पण त्याआधीच कायतान पडद्यासमोर जाऊन उभा राहिला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्याचे शिपाई. "साहेब," तो म्हणाला, "आमची बायकापोरे या सरदारांच्या छावणीमागच्या गावांत आहेत. उपाशी राहून लढलो, आणखीही लढलो असतो. पण रिकाम्या पेटीवरच्या शपथेसाठी आम्ही मरणार नाही. आधी आम्हाला झाडा."

आठ बंदुका तीस छात्यांवर झडल्या नाहीत.

सायंकाळी कोट पडला, रक्ताचा थेंब न सांडता. दोम फेलिसियानुला आपल्या माणसांसह गलबतावर चढू दिले गेले. हैबतरावाने आपला बेलभंडार उचलला आणि देवळाला, गावांना, धर्माला अभय दिले. निघताना तो बस्त्यावपाशी थांबला.

"बाबा, तुम्ही आमचा जीव वाचवलात."

"मी माझ्या धन्याला हलवला, सरकार," बस्त्याव म्हणाला. "त्यातून पुढे काय होईल ते मला ठाऊक नव्हते."

ते खरेच होते.

लोक त्याला विसरले नाहीत, पण जवळही आले नाहीत. पाद्र्यावाचून ज्याने प्रसादाला बोट लावले त्या माणसाशी कसे वागावे हे कोणाला कळेना. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारचे पान रिकामे राही. तो वाटेत दिसला की बाया पदर सावरून कडेला होत. तो चार बोटांनी जेवी, चार बोटांनी झाडू धरी, आणि रोज पहाटे रिकामे देऊळ झाडून गप्प बसे.

अकरा महिन्यांनी गलबतातून पाद्री आंद्रे आले, तरुण, समुद्राने पिवळे पडलेले. बस्त्यावने त्यांच्यापुढे गुडघे टेकून सगळे सांगितले आणि पट्टी बांधलेले बोट पुढे केले. पाद्र्यांनी पट्टी सोडली. आतले बोट पांढुरके, सुरकुतलेले, वाळल्या शेंगेसारखे झाले होते. त्यांनी ते पाण्याने धुतले, पाणी वेदीच्या पायाशी मातीत ओतले आणि मग ते बोट आपल्या कपाळाला लावले.

दुसऱ्या सकाळी मिस्सा झाली. पेटी भरली. पाद्र्यांनी चकमक बस्त्यावच्या हाती दिली आणि ते बाहेर गेले.

त्याने त्याच बोटाने वात सारली, ठिणगी पाडली, आणि तांबड्या काचेत ज्योत उभी राहीपर्यंत श्वास धरून ठेवला.

"आलास?" त्याने विचारले, आणि मग कितीतरी वेळ तो अकरा महिन्यांचे राहिलेले बोलत बसला.