कोंड्यातली हुंकारी

सदऱ्याच्या कॉलरला मसुराच्या डाळीएवढा ध्वनिग्राहक लावून नथ्थूजी खोटरे बंद खोलीत भिंतीला गोष्ट सांगत होते. कोल्हा नवरदेव झाला, सुगरणीचं घरटं डोक्यावर फेट्यासारखं घालून निघाला, लग्न लागलं, संपलं. सगळं मिळून नऊ मिनिटं. बाहेर ओसरीवर त्यांच्या पत्नी यमुनाबाई ज्वारी पाखडत होत्या. ध्वनिमुद्रण चालू असताना खोलीत वक्त्याशिवाय कुणी थांबायचं नाही, असा बोलीसंग्रह केंद्राचा नियम होता. तो केंद्राच्या संशोधक रेवती कडू हिनेच मोठ्या अभिमानाने लिहिला होता, त्यामुळे तीही ओसरीवरच बसली होती.

तिच्या मांडीवरच्या पडद्यावर ‘चाळणी’ चालू होती. ही आज्ञावली बोलणं निवडायची: गोष्टीतले शब्द वर, खोकला, पंख्याची घरघर, मधलं हूं-हां खाली कोंड्यात. मग जुन्या मुद्रणाशी ताडून वऱ्हाडी बोलीतलं काय टिकलं, काय गळालं ते सांगायची. बावीस वर्षांपूर्वी नथ्थूजींनी हीच गोष्ट एकेचाळीस मिनिटं सांगितली होती. चाळणीने निकाल दिला: शब्दसाठा पाव, स्मृती क्षीण, वक्ता वगळावा.

रेवतीला फार वाईट वाटलं. शंभरेक गोष्टी म्हाताऱ्याच्या पोटातच राहणार होत्या. शिवाय ज्याला सारं गाव गोष्टींसाठी ओळखतं, त्याला ‘तुम्ही विसरायला लागलात’ हे सांगायचं कोणत्या तोंडाने? पण लपवून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. खोलीत जाऊन तिने सांगून टाकलं.

नथ्थूजी रागावले नाहीत. उलट तिचीच कीव आल्यासारखे हसले.

“समदं आठवते मले,” ते म्हणाले. “पन भित हूं म्हनत नाही न.”

रेवतीने बावीस वर्षांपूर्वीच्या मुद्रणाचा कोंडा उघडला. सुदैवाने चाळणी काहीच कायमचं फेकत नसे. कोंड्यात सहाशे बारा हुंकार निघाले, सगळे एकाच बाईच्या आवाजातले; तेव्हा केंद्राचा तो नियम नव्हता. तिने ते कथेशेजारी मांडले. लांबट हूं आलं की गोष्ट पुढे जाई. तुटक, संशयी हूं आलं की नथ्थूजी थांबून खुलासा करत. एका तुटक हूंपायी तर घरटं डोक्यावर टिकलं कसं, हे सांगायला त्यांनी गोष्टीत कोळ्याला बोलावून जाळ्याच्या तंतूने गाठ मारून घेतली होती. त्यातच चार मिनिटं गेली होती.

रेवतीने आपला नियम मोडला. यमुनाबाई सूप घेऊनच आत आल्या आणि पाखडता पाखडता हूं म्हणू लागल्या. कोल्हा पुन्हा घोड्यावर चढला, वरातीत मुंगूस भांडलं, विहीणबाई रुसल्या. त्रेपन्न मिनिटांनी लग्न लागलं तेव्हा चाळणीत सात असे शब्द आले होते, जे जुन्या मुद्रणातही नव्हते. रेवतीने आनंदाने वगळण्याचा शेरा खोडला आणि वक्त्याच्या रकान्यात दोन नावं लिहिली.

“मी त काही बोललीच नाही,” यमुनाबाई म्हणाल्या. पण नाव बरोबर लिहिलंय का, हे त्यांनी वाकून पाहिलं.

वाकल्यावर त्यांना खालची लांब यादी दिसली. ही कोणाची, त्यांनी विचारलं. रेवतीचं हसू मावळलं. दोन वर्षांत चाळणीने वगळलेल्या अडतीस वक्त्यांची ती यादी होती. प्रत्येकाला ‘आठवण कमी झाली’ असं पत्र गेलं होतं. रेवतीच्याच सहीचं.

“त्याईच्या खोलीत हूं म्हन्याले कोनी होतं का?”

रेवतीने नकारार्थी मान हलवली. तिला रडू येईलसं वाटत होतं. यमुनाबाईंनी उरलेली ज्वारी डब्यात ओतली, सूप खुंटीला लावलं आणि दारातल्या चपला पायात सरकवल्या.

“तुमच्या गाडीत जागा हाये का एका मान्साची?”