शनिवारची मोजणी

शिंपीणबाईंचं अपील फेटाळल्याचं वकिलांना कळलं, त्या दिवशी त्यांची बायको जाऊन चौथा महिना लागला होता. अपील नऊ दिवस उशिरा दाखल झालं, कोर्टाने उशीर माफ केला नाही, आणि बावीस वर्षं जिथे बाईंची मशीन चालली ती खोली गेली.

बातमी घेऊन आलेली धाकटी दाराशीच उभी राहिली. धाकटी म्हणजे त्यांची मेहुणी. बहिणीच्या आजारपणापासून ऑफिस तीच सांभाळत होती. मुदतीचे तीस दिवस निकालाच्या तारखेपासून मोजायचे, ते तिने निकालाची नक्कल टपालाने आली त्या दिवसापासून मोजले होते.

एरवी ही चूक शनिवारी सापडली असती. दर शनिवारी सकाळी बायको डायरीतली एकेक तारीख वाचायची आणि वकील कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजायचे. कोर्टात सगळे तुम्हाला वचकून असतात, पण दिवस मोजायला मीच लागते, असं ती चिडवायची. ती गेल्यावर वकील त्या टेबलाशी बसलेच नाहीत. भाऊजी, तारखा बघायच्या का, असं धाकटीने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, तूच बघ.

बाईंनी तक्रार केली आणि वकिलांना शिस्त समितीची नोटीस आली. हाताखालच्या माणसांवर देखरेख ठेवली नाही, एवढाच आरोप होता. मुलगाही वकील. त्याने समजावलं की मावशीने सगळं परस्पर केलं, मला काही दाखवलंच नाही, असं सांगा. ताकीद देऊन सोडतील. मावशीला कुठे सनद आहे, तिचं काय जाणार?

सुनावणीत अध्यक्षांनी एक पत्र पुढे सरकवलं. धाकटीने कुणालाही न सांगता समितीला लिहिलं होतं : डायरी मी भाऊजींपासून लपवली, चूक माझी एकटीची. वकिलांनी ते दोनदा वाचलं. इतकं धडधडीत खोटं, आणि इतक्या सुवाच्य अक्षरात...

"हे खरं आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा टाळलं. डायरी माझ्याच टेबलावर होती. मला उघडवली नाही."

सनद सहा महिन्यांसाठी निलंबित झाली. मुलगा जिना पुढे पुढे उतरत गेला. खाली आल्यावर मात्र त्याने बाबांच्या हातातली पिशवी घेतली.

शनिवारी फायली दुसऱ्या वकिलांकडे सोपवायच्या होत्या. धाकटी गठ्ठे बांधत होती.

"पत्र कुणाला विचारून लिहिलंस?"

"ताईला."

"ताई असती तर चांगली बदडली असती तुला."

धाकटी हसली, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला.

"महिनाभर बोलला नाहीत तुम्ही माझ्याशी, भाऊजी. मला वाटलं, ताईबरोबर मीही मेले तुम्हाला..."

वकिलांनी बायकोची खुर्ची टेबलाशी ओढली.

"बस इथे. वाच."

ती वाचू लागली, ते बोट ठेवून मोजू लागले. एकतीस फायली, सगळ्या तारखा बरोबर. बत्तिसावी फाईल शिंपीणबाईंची. तिथे धाकटी थांबली. वकिलांनी ती फाईल गठ्ठ्यात न बांधता स्वतःकडे ठेवली.

बाईंची मशीन आता लेकीच्या घरी जिन्याखाली आहे. समितीपुढे दिलेली कबुली त्यांच्यासमोर जाऊन द्यायची अजून राहिली आहे.