पूर्णविरामानंतरचा थांबा

माझ्या आत्याची नजर गेली, तेव्हा मी तिच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावरचं सगळं तो मोठ्यानं वाचून दाखवतो. मग 'आत्यावाचक' नाव देऊन तो नेटवर टाकून दिला. घ्या, वापरा, आपल्या बापाचं काय जातंय!

त्या शनिवारी आत्याला घेऊन वाचनालयात गेले. तिथे अंध वाचकांसाठी नवी खोली तयार होत होती. सहा कॉम्प्युटर मांडलेले, आणि टेबलाखाली घुसून वायरी जोडणारा एक उंच तरुण.

"यांवर 'आत्यावाचक' टाका ना," मी म्हटलं. "फुकट आहे."

तो बाहेर येताना त्याचं डोकं टेबलाला आपटलं. ते चोळतच म्हणाला, "त्याच्याइतका चांगला दुसरा नाहीच. पण टाकता येत नाही. त्यासोबत परवाना नाही."

"नेटवर उघडा तर आहे."

"दार उघडं दिसलं म्हणून कुणाच्याही घरात शिरून जेवायला बसता का तुम्ही? लिहिणाऱ्यानं परवानगी लिहून दिली नाही, तर सगळे हक्क त्याच्याकडेच राहतात. सोमवारी वाचनालयाची समिती प्रोग्रामांची यादी पक्की करणार. परवाना नसला तर हा बाद." मग त्याचा आवाज उतरला. "वाईट वाटतं हो. इतकं स्वच्छ लिहिणारं माणूस मी पाहिलं नाही. एकही ओळ उगाच नाही... नेटवर 'भाचीबाई' नावानं लिहिणाऱ्या कोणी आहेत."

माझे कान गरम झाले. आत्या गालात हसत होती. "अगं, सांग की त्याला."

"मीच ती."

तो जमिनीवरच बसला. "मला वाटायचं... साठीच्या तरी असाल."

"आणि तुम्ही कोण?"

"मी... मुंगी."

मुंगी! दोन वर्षं माझ्या चुका शोधून न मागता दुरुस्त्या पाठवणारा. पूर्णविरामानंतर आवाज श्वास घेतल्यासारखा थांबतो ना, तो थांबा याचाच. तो आल्यापासून ऐकताना दम लागत नाही, असं आत्या म्हणायची.

"मग प्रश्नच मिटला," मी म्हटलं. "दिली परवानगी."

"तोंडी चालत नाही. शिवाय थांब्याच्या ओळी माझ्या आहेत. मी लिहून देईपर्यंत तुम्हालाही त्या वाटता येणार नाहीत."

"अडवून धरताय?"

"समजावतोय," तो म्हणाला, आणि हसला. हसताना बरा दिसत होता, खोटं कशाला बोलू.

मग आम्ही एकाच टेबलाशी बसलो. "दोन प्रकार आहेत," तो सांगू लागला. "एकात कुणीही काहीही करावं, फक्त आपलं नाव पुसू नये. दुसऱ्यात, ज्यानं बदल करून पुढे वाटला, त्यानं तोही असाच खुला ठेवायचा."

"दुसरा. आत्याच्या नावाला कुणी कुलूप लावायला नको."

"नीट विचार करा. एकदा दिलं की घेतलेल्याकडून परत मागता येत नाही." हे म्हणताना तो पडद्याकडे बघत नव्हता. मी उगाच एक वायर गुंडाळत बसले.

रविवारी दुपारी त्याच्या संमतीचा मेल आला. "मलाही ऐकव," आत्या म्हणाली. मी प्रोग्राम चालू केला, आणि तो सपाट आवाज वाचू लागला—

"माझ्या सर्व ओळी या परवान्याखाली देण्यास माझी संमती आहे." थांबा. "आता परवान्याबाहेरचं." थांबा. "तुमच्या चुका पहिल्या वर्षातच संपल्या होत्या. तरी मी शोधत राहिलो, कारण तुमचं उत्तर यायचं." थांबा. "काल तुम्हीच समोर बसला होतात. तुम्ही मला फार आवडता."

आवाज बंद करायला गेलेला माझा हात तसाच राहिला.

"थांबे छान घेतो गं मुलगा," आत्या म्हणाली.

मी उत्तर लिहिलं, 'मंजूर.' प्रोग्रामनं तेही इमानदारीत वाचून दाखवलं.

"कशाला मंजूर? ओळींना की त्याला?"

"दोन्हींना."

"विचार कर बाई. परत मागता येत नाही म्हणाला होता."

"माहितीये," मी म्हटलं, आणि पाठवून दिलं.