आगबोटीचा बंब

शेकोटीतली लाकडं जरा आत सारा रे. आणि रघु, तू पाठ भिंतीला लावून बस. मधेच उठून घरी जायचं म्हणालास, तर सोबतीला कुणी येणार नाही.

ही गोष्ट माझ्या शेजारच्या गुणाजीची. ऐकीव नाही. त्याचा गोठा आणि माझी पडवी यांत एक कुडाची भिंत, आणि माझे कान कसे आहेत ते तुमच्या आया तुम्हाला सांगतील. जे मी ऐकलं नाही ते पुढे गुणाजीने स्वतः सांगितलं. एकदाच. पुन्हा विचारलं तर उठून गेला.

शके अठराशे चौदा. मार्गशीर्षातली अमावास्या. सात वर्षं झाली.

त्या दिवशी दुपारी गुणाजी हातात रिकामी बाटली घेऊन कल्याणच्या बाजारात निघाला होता. जवसाचं तेल आणायचं होतं आणि पावशेर शेंदूर.

"कुठल्या देवाला रे?" वाण्याने विचारलं.

गुणाजीने डावा कान पुढे केला. वाण्याने ओरडून पुन्हा विचारलं.

"देवाला नाही. इंजिनाला."

"आता इंजिनालाही शेंदूर लागतो?"

"नळाच्या जोडाला लागतो. शेंदूर जवसाच्या तेलात मळून लावला की वाफ सुटत नाही."

"मग उद्या नारळ फोडायला बोलाव हो," वाणी म्हणाला आणि दुकानातली माणसं हसली. गुणाजीही हसला. कशाला हसतात ते त्याला अर्धंच ऐकू आलं होतं.

रेल्वेच्या एका कारखान्यात त्याने नऊ वर्षं बंब ठोकले. बंब म्हणजे इंजिनातलं वाफ करायचं लोखंडी भांडं. दिवसभर एकाने आत बसायचं, एकाने बाहेरून घण घालायचा. त्यात उजवा कान साफ गेला आणि डाव्याने ओरडलं तरच कळायचं. बहिरा माणूस कारखान्यात नको म्हणून त्याला घरी बसवलं. गल्लीतली पोरं त्याला मागून दगड मारायची आणि तो वळला नाही की टाळ्या पिटायची. तुमच्यातलेही दोघे होते त्यात. खाली नका बघू, मला नावं ठाऊक आहेत.

अशा वेळी त्याला हाताशी धरलं ते श्रीपादने. दोघे तिसरीपर्यंत एका शाळेत. पुढे श्रीपाद इंग्रजी शिकून कचेरीत कारकून झाला, तरी 'गुण्या' ही हाक सुटली नव्हती. बंदरावर एक मोडीत काढलेली आगबोट होती. तिचं इंजिन आणि बंब श्रीपादने मिळवला, दोन बैलगाड्यांवर घालून गुणाजीच्या रिकाम्या गोठ्यात आणून टाकला आणि म्हणाला, "मी पुस्तक वाचतो, तू हात चालव. हे इंजिन आपण पुन्हा उभं करू."

वर्षभर चाललं ते. रोज संध्याकाळी कचेरी सुटली की श्रीपाद यायचा, कोट खुंटीला लावायचा आणि इंग्रजी पुस्तक मोठमोठ्याने वाचून मराठीत ओरडून सांगायचा. रंगूबाई, म्हणजे गुणाजीची बायको, एकदा म्हणाली, "भावजी, आणखी महिनाभर असेच ओरडलात तर मी गोऱ्या साहेबाशी इंग्रजीत भांडून येईन."

घण चालू असताना ओरडण्याचाही उपयोग नसे. म्हणून त्यांनी ठोक्यांची बोली केली होती. बंबावर हातोडीचा एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे चालू दे. तीन म्हणजे हात काढ, दूर हो. हे तीन ठोके गुणाजीला ऐकू येत नसत, लोखंडातून हाताला लागत. "तू माझा कान," तो श्रीपादला म्हणायचा, "मी तुझा हात."

आणि आता काम पुरं होत आलं होतं. मोहन्याला नदीकाठी ज्यांच्या वाड्या होत्या, ते बागाईतदार दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन बघायला येणार होते. ते चाललं की नदीवर बसवायचं, पाणी उपसायला, आणि त्यावर माणूस कोण? गुणाजी. बहिऱ्याला पुन्हा कारागीर म्हणणार होते लोक. त्याचा सगळा जीव तेवढ्यातच होता.

तर बाजारातून परत येताना पारापाशी हौसाबाई भेटली. खाडीकडची, मासळी विकायची. टोपली खाली ठेवून तिने गुणाजीच्या हातातली शेंदराची पुडी बघितली.

"त्या आगबोटीच्या बंबाला लावतोस काय रे हा?"

"हो. का?"

"माझा भाऊस होता त्या बोटीवर. धाकू. कोळसा मारायचा." ती त्याच्या कानाशी आली. ओरडत होती, पण आवाज रडका होता. "कोपरच्या समोर बंबाचा जोड सुटला नि धाकू खाली होता तिथं वाफ भरली. बोटीचा तांडेल वर होता. त्यानं काय करावं? वरची फळी लावून घेतली नि कडी घातली. वाफ वर येऊ नये म्हणून. धाकू खालून ठोकत होता. सगल्यांनी ऐकलं. ठोकत होता… नि मग नाय ठोकला."

गुणाजीने हातातल्या पुडीकडे बघितलं.

"मला कुणी सांगितलं नाही, हौसाबाई."

"तुझ्या दोस्ताला मी सांगलेलं. बंब गाडीत चढवला तवाच. तो म्हनला, बरं बरं."

संध्याकाळी श्रीपाद आला तेव्हा गुणाजी जोडाला शेंदूर भरत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "धाकूचं तुला ठाऊक होतं?"

श्रीपादने कोट खुंटीला लावला. मग जवळ येऊन ओरडला, "होतं."

"आणि वर्षभर बोलला नाहीस?"

"सांगितलं असतं, तर हात लावला असतास?"

"नसता."

"मग! लोखंड आहे रे ते, गुण्या. लोखंडाला काय आठवतंय? आपल्या दोघांच्या भल्यासाठीच गप्प बसलो."

आता बघा. गुणाजीने तेव्हाच हातातलं काम खाली ठेवायला हवं होतं. पण ज्या एका माणसाने आपल्याला माणसात आणलं, त्याच्यावर किती वेळ रागवणार? तो म्हणाला, "पुन्हा असं लपवू नकोस." श्रीपादने त्याच्या पाठीवर थाप मारली. गुणाजीने शेंदराचा हात पुसला आणि भट्टीत काड्या घातल्या.

रंगूबाई डोंबिवलीला माहेरी गेलेली. गोठ्यात दोघेच. गोठ्याला एकच दार, आणि गोठ्याचं दार असतं तसं, कडी बाहेरून. गुराला आतून कशाला हवी कडी?

बंब पेटला. तासाभराने पाणी उकळायला लागलं. वाफेचा दाब दाखवणारा काटा हळूहळू चढू लागला. वाफ फार झाली की आपोआप उघडावी म्हणून बंबावर एक झडप असते, तिच्या दांडीला ठरीव वजन टांगलेलं असतं. वाफ वजनाला भारी झाली की झडप उचलते आणि जादा वाफ निघून जाते, नाहीतर बंबच फुटायचा. त्या रात्री झडप लवकर उचलत होती. फुस… फुस… वाफ जायची, आणि चाक काही वळायचं नाही. अर्धा फेरा, की थांबलं.

"उद्या माणसं येणार!" श्रीपाद ओरडला. "असं चालेल का?"

"आच वाढवू नकोस. खाली कुठेतरी जोड पाझरतोय. बघतो मी."

गुणाजी लोखंडी सळई घेऊन भट्टीच्या तोंडाशी आडवा झाला. हातोडी गुडघ्याशी. डोकं जवळजवळ बंबाखाली. सळईने निखारे सारून तो जोड शोधू लागला. श्रीपाद पलीकडच्या बाजूला, झडपेजवळ.

मी इकडे पडवीत जेवून बसलो होतो. ठाण्याकडची गाडी नुकतीच गेलेली, म्हणजे आठ वाजून गेले होते. भिंतीपलीकडची फुसफूस मला ऐकू येत होती.

मग ती थांबली.

मला वाटलं, विझवलं वाटतं. पण भट्टीचा आवाज चालूच होता. धडधड… आणि एक बारीकसा सूर. शीळ घालावी तसा. चढत चाललेला.

गुणाजीला तो सूर ऐकू येणार नव्हता.

त्याच्या तळहाताखाली सळई तापत होती. घाम डोळ्यांत जात होता. आणि अचानक… सळईतून… हाताला…

ठक.

थांब, म्हणतोय श्रीपाद. गुणाजी थांबला.

ठक.

चालू दे?

ठक.

तीन! गुणाजी कोपरांवर मागे सरपटला. उठला. भिंतीला जाऊन पाठ लावली. आणि पोरांनो, पहिलं त्याच्या मनात काय आलं, ते त्याने मला सांगितलं आहे. त्याच्या मनात आलं, माझा श्रीपाद. माझा कान.

मग त्याने बंबाकडे पाहिलं.

पलीकडे कुणी नव्हतं.

खुंटीवर कोट नव्हता. दार लावलेलं.

काटा तांबड्या रेघेच्या पार गेलेला. आणि झडपेच्या दांडीवर ठरीव वजनाखाली आणखी एक जड धोंडा. सुंभाने बांधलेला. झडप दाबून ठेवणारा. तो गुणाजीने बांधला नव्हता.

त्याने दाराला धक्का मारला. दार हललं नाही. कडी बाहेरून.

"श्रीपाद!"

…

"श्रीपाद, कडी काढ रे!"

काही नाही. बहिऱ्या माणसाला काय ऐकू येणार म्हणा. पण मी सांगतो, उत्तर देणारं बाहेर कुणी नव्हतंच.

गुणाजी परत फिरला. बंबाजवळ जायचं म्हणजे… पण दार बंद. दुसरी वाट नव्हती. त्याने लांब पहार उचलली. अंग चोरलं. डोळे मिटले. पहार फिरवली. एकदा चुकली. दुसऱ्यांदा सुंभ तुटला. धोंडा खाली.

वाफ जी सुटली… माझ्या पडवीतले सगळे उंदीर पळाले. सारी गल्ली जागी झाली. मी कंदील घेऊन धावलो. गोठ्याची कडी काढणारा हात माझाच. कडी घातलेली होती, हे मी शपथेवर सांगेन.

गुणाजी वाफेतून बाहेर आला. भुवया जळलेल्या. त्याने आधी माझ्या मागे बघितलं. श्रीपाद आहे का, ते. मग माझ्या हातातल्या कंदिलाच्या उजेडात वळून गोठ्यात बघितलं. हातोडी तिथेच होती, भट्टीच्या तोंडाशी, जिथे त्याचा गुडघा होता तिथे. श्रीपादच्या बाजूला दुसरी हातोडी नव्हती. घरात दुसरी हातोडीच नव्हती.

तो रात्रभर उंबऱ्यावर बसून राहिला.

सकाळी श्रीपाद आला. कचेरीचा कोट, पगडी, सगळं नीट. गल्ली जमलेलीच होती, बागाईतदारही आलेले. श्रीपाद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी धोक्याचे तीन ठोके दिले. तीनदा हाक मारली. याला ऐकू गेलं नाही, मी काय करू? मदत आणायला म्हणून धावलो. दार वाऱ्याने लागलं असेल."

माणसं माना डोलवायला लागली. गुणाजी बहिरा, हे सगळ्यांना ठाऊकच. कुणीतरी म्हणालं, "नशीब, श्रीपादरावांनी निदान ठोके तरी दिले."

आणि मी? मी भिंतीपलीकडे होतो. हाक एकही आली नव्हती. कडीचा आवाज आला होता, आणि बोळातून पळणारी पावलं. वारा नव्हताच. पण कचेरीतला माणूस, चार कागद त्याच्या हातातून जायचे… मी गप्प राहिलो. एरवी ज्याच्या त्याच्या घरात नाक खुपसणारा मी. हे मी आज पहिल्यांदा सांगतोय.

गुणाजी उठला. त्याने श्रीपादचा हात धरला. रागाने नाही. लहानपणी शाळेत न्यायचा तसा. त्याला गोठ्यात नेलं, आम्ही मागे. विझून थंड झालेल्या बंबाच्या पलीकडच्या बाजूला, जिथे श्रीपाद रात्री उभा होता, तिथे छातीच्या उंचीवर त्याचा हात ठेवला.

"ठोके तू दिलेस ना?" गुणाजीने विचारलं.

श्रीपादने मान हलवली.

"मग लोखंड आत गेलं असतं रे, श्रीपाद. हे बघ. बाहेर आलंय."

तीन टेंगळं होती. ओळीने. हातोडीच्या तोंडाएवढी. आतून बाहेर आलेली.

आत काल रात्री उकळतं पाणी होतं. झाकण चोवीस बोल्टांनी आवळलेलं होतं. आवळताना पुस्तकात बघून बोल्ट मोजणारा श्रीपादच होता.

"धाकूने तुझ्या बाजूला दिलेत ते," गुणाजी म्हणाला. "तुला ऐकू येतं म्हणून. तू मला सांगशील म्हणून."

श्रीपादने हात काढून घेतला. गर्दीतून वाट काढत निघून गेला. पुढे महिन्याभरात ठाण्याला बदली करून घेतली, आणि या गल्लीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. बागाईतदार नारळ तसाच घेऊन परतले.

हौसाबाई दुपारी आली. बंबापुढे उभी राहिली, टेंगळांवरून बोटं फिरवली आणि पदर तोंडाला लावून तशीच गेली. गुणाजीने पुढे इंजिनाचा एकेक भाग सोडवला आणि देऊन टाकला. बंब मात्र कुणी घेईना. शेवटी बैल जुंपून खाडीच्या काठी नेऊन टाकला. अजून आहे तिथे, गवतात.

परवा पहाटे मी मोहन्याला जायला निघालो, तो त्याच वाटेने. थंडी किती पडली होती ते तुम्हाला ठाऊकच आहे. गवत, दगड, सगळं दंवाने भिजलेलं. बंबही भिजलेला. लोखंडावर थेंब नुसते टिपून घ्यावेत असे.

त्या तीन टेंगळांवर एकही थेंब नव्हता.

जवळ गेलो… हात लावला नाही. पण वीतभर अंतरावरूनच तळहाताला ऊब लागत होती.