फरशीवाल्याचा जबाब

“अहो मॅडम, पाय उचला!”

ती इतकी दचकली की हातातली पिशवीच खाली पडली. सरकारी दवाखान्याच्या नव्या इमारतीत, आत्ताच बसवलेल्या ओल्या फरशीवर तिचा पाय पडला होता, आणि गुडघ्यावर बसलेला एक तरुण तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. ती कामगार खात्याची निरीक्षक; तिच्यावर आजवर कुणी असं खेकसलं नव्हतं.

“काम काय करता?” तिनेही आवाज चढवला.

त्याने मागे उभ्या मुकादमाकडे एक नजर टाकली. “बिगारी.”

ती थक्कच झाली. फरशी बसवतोय सराईत गवंड्यासारखी, आणि म्हणे बिगारी! सरकारी कामावर गवंड्याला गवंड्याचाच दर द्यावा लागतो, म्हणून ठेकेदाराने सगळे गवंडी कागदोपत्री कमी मजुरीचे बिगारी करून टाकले होते.

नव्या नियमाने मजुराला मुकादमापासून दूर नेऊन विचारता येत होतं. दर तपासणीला ती त्याला जिन्याखाली बोलवायची. काम जाईल या भीतीने तो खरं सांगत नव्हता... पण यायचा मात्र हटकून.

“आज तरी बोलणार?”

“तुम्ही आधी हसा. मग बघतो.”

ती हसायची. घरी गेल्यावर स्वतःवरच चिडायची — आणि सकाळी आरशासमोर जरा जास्तच रेंगाळायची.

शेवटी तो तयार झाला. तो बोलला की बाकीचेही बोलणार होते. सगळ्यांची खरी मजुरी त्याच्या एका जबाबावर अडली होती. ती पेन उघडून बसली, आणि तो म्हणाला, “मी तुमच्यापुढे जबाब देणार नाही.”

“ठेकेदाराने विकत घेतलं तुम्हाला?” तिने पेन बंद केलं. “आणि मी वेडी...”

“अहो, ऐका तरी! त्या नव्या नियमात पुढे काय आहे, तुम्हीच सांगितलं ना? निरीक्षकाने नात्यातल्या माणसाचा जबाब घेतला, तर तो रद्द.”

“मग? आपलं कुठे नातं आहे?”

तो मान खाली घालून नखांतलं सिमेंट काढत राहिला. “तेच तर... विचारायचं होतं.”

तिने वरिष्ठांना फोन लावला.

“साहेब, इथे दुसरा निरीक्षक पाठवा. आजच.”

“का? काय झालं?”

“इथे... माझ्या नात्यातलं माणूस आहे.”

“अरेच्चा! कोण?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो आ वासून उभा होता.

“फरशीवाला,” ती म्हणाली. “गवंडी आहे, साहेब. बिगारी नव्हे.”